गळ्यात नाव घालून

वसतिगृह, ४ ऑगस्ट

दर सुट्टीला पाठीवर पिशवी, हातात बॅग आणि गळ्यात स्वतःच्या नावाची पाटी अडकवून घराकडे निघणाऱ्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो,

आपल्याला प्रवासाची भीती वाटत नाही. आपल्याला वीट आलाय तो उपदेशाचा. संस्थेच्या सुरक्षा समितीने ‘विद्यार्थ्यांसाठी सुरक्षित प्रवासाची सूत्रे’ नावाची पुस्तिका छापली आहे, गुळगुळीत कागदावर, अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोसकट. ती म्हणते, एकट्याने प्रवास करू नये. बरं. माझ्या गावचं दुसरं कुणी इथे शिकत नाही, मग समितीतले कोण साहेब माझ्याबरोबर येणार आहेत? ती म्हणते, अनोळखी माणसाशी बोलू नये. तिकीट देणारा कंडक्टर माझा चुलता आहे काय? ती म्हणते, अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचावे. आणि हीच संस्था शेवटचा पेपर संध्याकाळी संपवते, तासाभरात खोल्या रिकाम्या करायला लावते आणि परत येताना आठच्या ठोक्याला फाटक लावून घेते. सूर्यालाच नोटीस काढा म्हणावं, परीक्षेच्या काळात उशिरा मावळ म्हणून!

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ती केशरी पाटी. तळहाताएवढी, लांबून वाचता येईल अशा अक्षरांत आपलं नाव, वर्ग, वसतिगृह, गाव. का? तर वाटेत काही झालं तर लोकांना आपली ओळख पटावी म्हणून. लोकांना पटली. कोणत्या लोकांना, ते आपल्या पहिल्या वर्षाच्या मैत्रिणीला विचारा. ती आज मनगटाला पट्टी बांधून बसली आहे आणि समिती तिलाच जाब विचारते आहे.

गप्प बसू नका, एवढंच आज सांगते.

* * *

मामा, वरचा मजकूर आज सकाळी मी जेवणघराच्या दारावर चिकटवला. समितीचा अध्यक्ष तू. तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच पाठवते. तिखट माझं मीच पुरेसं घातलंय.

‘पहिल्या वर्षाची मैत्रीण’ म्हणजे माझ्या खोलीतली चिमणी. तुला कागदावर तिचा नुसता क्रमांक दिसला असेल, म्हणून सांगते. सुट्टी संपवून येत होती. गाडी उशिरा पोहोचली. स्टेशनबाहेर एक माणूस सरळ तिच्यासमोर आला आणि तिला नावाने हाक मारली. म्हणाला, ‘पहिलं वर्ष ना? वसतिगृहातून गाडी पाठवलीय. चल, फाटक बंद व्हायच्या आत पोहोचवतो.’ बसली बिचारी. गाडी भलत्या रस्त्याला लागल्यावर तिच्या लक्षात आलं. रेल्वे फाटकापाशी गाड्या तुंबल्या तेव्हा दार उघडून तिने उडी मारली आणि समोरच्या औषधाच्या दुकानात शिरली. दुकानातल्या बाईने शटर अर्धं खाली ओढलं आणि हातात झाडू घेऊन दारात उभी राहिली. बॅग गेली, मनगट मुरगळलं, पोरगी वाचली.

आणि तुझ्या समितीचं पत्र आलं: ‘सातव्या सूत्राचा भंग, अनोळखी व्यक्तीच्या वाहनात बसणे. वसतिगृहातील जागा रद्द का करू नये?’ तीस तारखेला तुम्ही सगळे इथे येऊन सुनावणी घेणार. तिच्या वडिलांनी फोनवर सांगितलंय, खोली गेली तर शिक्षण बंद, सरळ घरी ये. म्हणजे तीस तारखेला तुझा पेन हलला की चिमणीचं शिक्षण संपलं. लक्षात असू दे.

तुझी भाची

* * *

९ ऑगस्ट

चि. तोफ हीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. भाषा वाचून तुझ्या आईची आठवण झाली. तीही लहानपणी असंच बोलायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायची. तू निदान रडत तरी नाहीस. पत्रच लिहीत जा हं. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आता ऐक. मी या विषयावर बारा वर्षं व्याख्यानं देतोय. तुमच्या पिढीला फुकटचा सल्ला नको असतो, कारण तो इंटरनेटवरून आलेला नसतो. पाटीमध्ये काय वाईट आहे? एखादी मुलगी रस्त्यात चक्कर येऊन पडली, तर कळायला नको का कुणाची कोण? हेतू शुद्ध आहे. चोर पाटी वाचतो म्हणून पाट्याच काढायच्या, तर चोर घरात शिरतो म्हणून घरं पाडायची का?

तुझ्या मैत्रिणीचं वाईट वाटलं. पण सूत्र स्पष्ट होतं. अठरा वर्षांची घोडी, कुणीही ‘चल’ म्हटलं की जाऊन बसते? डोकं गहाण ठेवलं होतं का? नियम मोडणाऱ्याला शिक्षा झाली नाही, तर नियम म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर.

घरचंच उदाहरण देतो. तुझी मामेबहीण याच संस्थेत शेवटच्या वर्षाला आहे. एकटी येते, एकटी जाते, आजपर्यंत एक प्रसंग नाही. कारण मोठ्यांचं ऐकते. तुझ्या मामीने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘फाटकाबाहेर पडलीस की ती पाटी आधी बॅगेत टाक, पोरीचं नाव गावभर कशाला मिरवायचं?’ आणि ताई अगदी तसंच करते. एक दिवस विसरली नाही. याला म्हणतात शिस्त.

शिका जरा.

तुझा मामा

* * *

१२ ऑगस्ट

माननीय अध्यक्ष महोदय,

आजपासून तुम्हाला ‘तुम्ही’च म्हणते. ‘मामा’ म्हणायला जीभ रेटत नाही.

तुमचं पत्र मी खोलीत मोठ्याने वाचलं. ‘याला म्हणतात शिस्त’ या वाक्यापाशी चिमणी, जी आठवडाभर हसली नव्हती, ती हसली. मग मीही हसले. मग मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तुमच्या घरातली पोर तुमची पाटी घालत नाही. तुमच्या बायकोने ती काढायला लावली. तुम्हाला ते माहीत आहे, आणि तुम्हाला त्याचा अभिमान आहे. मामी दहावी शिकलेली. तिला एका नजरेत जे दिसलं, ते तुमच्या समितीला दोन वर्षांत दिसलं नाही? का दिसलं, पण ते फक्त स्वतःच्या घरापुरतं वापरलंत? स्वतःच्या लेकीला छत्री आणि लोकांच्या लेकींना पावसाचे फायदे!

चिमणी ‘कुणीही चल म्हटलं’ म्हणून बसली नाही. ती बसली कारण त्याने तिला नावाने हाक मारली. घरापासून लांब, गर्दीत, डोळ्यांपुढे बंद होणारं फाटक, आणि कुणीतरी आपलं नाव घेतं. त्या क्षणी तो माणूस अनोळखी राहतच नाही. अनोळखी माणूस म्हणजे ज्याला आपण माहीत नाही तो, असंच आपलं मन धरून चालतं. तुमच्या पाटीने स्टेशनावरच्या प्रत्येक भामट्याला आमच्या ओळखीचा करून टाकलं, आणि वर तुम्ही विचारता, अनोळखी माणसाच्या गाडीत का बसलीस?

रागाने लिहीत नाही. राग माणसावर येतो. हे वाचून नुसती कीव आली.

बारा वर्षं व्याख्यानं देता ना? एकदा स्वतः घाला ती पाटी. नाव, हुद्दा, गाव, सगळं लिहा. फर्स्ट क्लासच्या डब्यात नाही, आमच्यासारखा प्रवास साध्या डब्यातून करा, बॅग स्वतः उचला. आणि मग सांगा मला डोकं कुठे गहाण पडतं ते.

आपली विद्यार्थिनी

* * *

१६ ऑगस्ट

तोफे,

‘तुम्ही’ वाचून तुझी मामी दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. मी विचारलं, तू कुणाच्या बाजूने? म्हणाली, ‘मी पोळ्या करतेय.’

ताईच्या बाबतीत तू शब्दांचा कीस काढते आहेस. घरातल्या बायकांचा स्वभाव काळजीचा असतो, त्याला नियम लावायचे नसतात. मी ते सहज लिहिलं होतं. तू वकील हो, नाहीतर राजकारणात जा. दोन्हीकडे तुझं चांगलं चालेल.

पण आव्हान दिलंस, तर घेतलं. एकवीस तारखेला मला एका कॉलेजात व्याख्यान आहे. विषय तुला आवडेल: ‘प्रवासातील सावधगिरी आणि आजचा विद्यार्थी.’ संस्थेची गाडी नाकारली. साध्या डब्याने जाणार. पाटी करवून घेतली आहे: नाव, प्राध्यापक, अध्यक्ष सुरक्षा समिती, सगळं ठळक. ताईला तिच्या वसतिगृहावर फोटो पाठवला, तर म्हणाली, ‘बाबा, नका ना.’ मी म्हटलं, बेटा, ज्याचं मन सावध आहे त्याच्या गळ्यात ढोल बांधला तरी कुणी वाजवू शकत नाही.

हे वाक्य व्याख्यानातही घेणार आहे.

मामा (तू काहीही म्हण)

* * *

२१ ऑगस्ट, चहाच्या दुकानातून

चि. तोफ,

हे पत्र मुद्दाम गरम गरम लिहितोय. समोरच टपालपेटी आहे, लगेच टाकतो, म्हणजे नंतर ‘मामाने सजवून लिहिलं’ असं तुला म्हणता येणार नाही.

प्रवास उत्तम. डब्यात माणसं पाटी वाचून आदराने सरकून बसली. एका आजोबांनी तर मला नातवाच्या प्रवेशाबद्दल विचारलं. आणि स्टेशनावर उतरतो न उतरतो तोच एक तरुण पुढे आला, वाकून नमस्कार केला, ‘सर, ओळखलंत का? मी तुमच्या हाताखाली शिकलो.’ चेहरा नीटसा आठवेना. पण तोंडावर कसं सांगायचं? अडतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला मी ‘तू कोण’ असं विचारलेलं नाही. पाठीवर थाप मारली, म्हटलं, ‘अरे तू होय! किती बारीक झालास!’ त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासुद्धा.

माझी बॅग त्यानेच उचलली. ‘सर, रिक्षा कसली करता, माझी गाडी आहे, कॉलेजपर्यंत सोडतो.’ वाटेत माझ्या जुन्या शिकवण्याच्या आठवणी काढल्या. ‘सर, तुमची शिस्त म्हणजे शिस्त’ म्हणाला. बघ! या पिढीतही अशी मुलं आहेत. सगळेच तुझ्यासारखे नसतात.

आत्ता त्याने मला या दुकानात बसवलंय. ‘सर, तुम्ही निवांत चहा घ्या, मी चाकात हवा भरून येतो.’ फोनही त्याच्याच गाडीत चार्जिंगला लावला आहे, किती लक्ष देतो बघ. माणूस अगदी घरचा. पाटीचा गुण! पाटी नसती तर त्याने मला ओळखलं कसं असतं?

आता सांग, कोण जिंकलं?

दुसरा चहा मागवलाय. येईलच इतक्यात.

मामा

* * *

२२ ऑगस्ट

चि. तोफ,

काल चहाच्या दुकानातून पाठवलेलं माझं एखादं पत्र तुला आलं, तर ते न वाचता फाडून टाक. त्यात काही विशेष नाही. प्रवासात बॅग थोडी इकडेतिकडे झाली आहे. फोनही बिघडलाय, म्हणून पत्र. आईला काही कळवू नकोस, उगाच तिचं ब्लडप्रेशर वाढेल.

मामा

* * *

२५ ऑगस्ट

मामा,

‘फाडून टाक’चं पत्र आधी आलं. त्यामुळे चहाच्या दुकानातल्या पत्राची मी दोन दिवस चातकासारखी वाट पाहिली. आज आलं. फाडणार होते, देवाशपथ, पण आधी वाचलं.

हसले, हे लपवत नाही. ‘किती बारीक झालास!’ इथे तर उशीत तोंड खुपसून हसले. मग मामीला फोन केला. तिने सगळं सांगितलं. बॅग गेली, फोन गेला, दुकानदाराने दया येऊन तुला कॉलेजात पोहोचवलं. आणि त्या बॅगेत तुझं व्याख्यानही होतं म्हणे, ‘प्रवासातील सावधगिरी.’ चला, निदान एका माणसाने तरी ते लक्ष देऊन वाचलं असेल.

एक मात्र मामीने सांगितलं नाही, म्हणून तुलाच विचारते. त्या दिवशी व्याख्यान दिलंस? गाडीतून उतरून, त्याच अंगाने, व्यासपीठावर उभा राहून मुलांना ‘अनोळखी माणसाच्या वाहनात बसू नका’ म्हणालास? टाळ्या पडल्या?

परत ‘तू’ म्हणतेय ते हसू आलं म्हणून नाही. ‘तू कोण’ म्हणणं तुला जमलं नाही, हे वाचलं आणि राग ओसरला. चिमणीलाही तेच जमलं नव्हतं.

भाची

* * *

२७ ऑगस्ट

चि. तोफ,

दिलं व्याख्यान. हॉल भरलेला होता, मुलांना बसवून ठेवलं होतं, मी काय करणार? विषय पाठ आहे. टाळ्या पडल्या. सातव्या सूत्रापाशी आवाज थोडा बसला. त्यांना वाटलं भावना दाटून आल्या.

खरं सांगू का? चोरी झाल्याचं दुःख नाही. तो मला माझ्या शिकवण्याबद्दल जे जे बोलला ते सगळं खोटं होतं, याचं आहे. इतकं चांगलं माझ्याबद्दल कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं. नाव घेऊन ‘सर’ म्हणाला आणि मी विरघळलो. बस, यापुढे हा विषय नको.

आता व्यवहाराचं बोलू. मी समितीतल्या लोकांशी बोललोय. तुझ्या मैत्रिणीची जागा रद्द होणार नाही, अशी व्यवस्था करतो. तिने फक्त एक माफीपत्र लिहून द्यावं, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे संस्थेच्या नावाला बाधा आली, पुन्हा असं होणार नाही.’ समिती दयाबुद्धीने, अपवाद म्हणून, तिला एक संधी देईल. पाटीचा विषय पुढच्या वर्षी बघू, कमिटी नेमू. आणि तू माझं ते पत्र मला परत पाठव.

दोघांचंही भलं होईल. सुनावणीत तोंड उघडू नकोस, एवढंच मागतो. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय.

तुझाच
मामा

* * *

२८ ऑगस्ट

मामा,

तुझं पत्र घेऊन मी चिमणीकडे गेले. खोली तिची आहे, तेव्हा उत्तर तिनेच द्यायचं. माफीपत्राचा मजकूर तिने दोनदा वाचला. मग विचारलं, ‘निष्काळजीपणा कुठला? मी तर उडी मारली.’

खरंय तिचं. तिने उडी मारली. भर रस्त्यात दार उघडून, दुकान बघून, माणसं बघून. तुमच्या अख्ख्या पुस्तिकेत जे कुठे छापलेलं नाही ते एका घाबरलेल्या पोरीने क्षणात केलं: जिथे उजेड आहे, जिथे बाई आहे, तिथे जाऊन ओरडली. तू चहा मागवलास. दुसराही. आणि माफी तिने मागायची?

तू सातवं सूत्र मोडलंस, तुझी खुर्ची गेली का? तुझ्या घरच्यांनी म्हटलं का, बस झालं, आता घरी ये? तुला कॉलेजच्या दारापर्यंत दुकानदाराने पोहोचवलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी मामीने पोळ्या वाढल्या. नियम एकच, गाडीत बसणं एकच, नावाने मारलेली हाक एकच. फरक एवढाच की ती पहिल्या वर्षाला आहे आणि तू व्यासपीठावर. शिक्षा गुन्ह्याला नाही, उंचीला मिळते आहे.

दयाबुद्धी तुझ्याकडेच ठेव. आज दया घेतली तर चिमणीची खोली वाचेल, पण पाटी तशीच राहील, आणि पुढच्या सुट्टीत आणखी कुणीतरी पोर स्टेशनावर आपलं नाव ऐकून थबकेल. तिला रेल्वे फाटक लागेलच असं नाही.

तुझं चहाच्या दुकानातलं पत्र परत पाठवतेय, या पाकिटातच आहे. जेवणघराच्या दारावर लावायचं मनात आलं होतं. गोंदही घेतला होता. पण मग सगळे तुला हसले असते, आणि हसून हसून पाटीचा विषय विसरले असते. चिमणीला तुझी फजिती नको आहे. तिला तिची खोली हवी आहे, मान खाली न घालता. आणि ती तिला मी मिळवून देऊ शकत नाही, माझं तोंड किती मोठं असलं तरी. भाची बोलली तर भांडण होईल. अध्यक्ष बोलला तर नियम पडेल.

मामी म्हणते, तू परवा तिच्या फोनवरून ताईला म्हणालास, ‘तू नव्हतीस घालत तेच बरं.’ मग हेच चारचौघांत म्हण ना. ताई तुझी एकटीच आहे का? बाकीच्या काय पाट्या लावून विकायला ठेवल्यात?

परवा सकाळी मी मागच्या बाकावर बसणार आहे, तोंड बंद ठेवून. तू मागितलंस म्हणून. सचिव चिमणीचं नाव पुकारतील आणि सातवं सूत्र वाचतील. ती उत्तर द्यायला उठेल. मामा, ती उठायच्या आत तू ऊठ, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांग: ‘मीही बसलो होतो.’

तुझी भाची